मालक आता खेळत आहेत

वीज कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर सात खिडक्या होत्या आणि सातव्या खिडकीवर लोक मेलेल्या माणसांची नावं घेऊन यायचे. मीटर वडिलांच्या नावावर, वडील गेलेले. मीटर सासूच्या नावावर, सासूला जाऊन सहा वर्षं झालेली. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि शेवटचं भरलेलं बिल एवढं आणून दिलं की आठ दिवसांत जुनं नाव जायचं आणि नवं यायचं. त्या खिडकीतला कारकून हे काम एकवीस वर्षं करत होता. कोणी जरा लांबण लावली की चष्म्यावरून बघत तो विचारायचा, "पुरावा आहे?" त्यामुळे ऑफिसात त्याचं नावच पुरावा पडलं होतं. तोंडावर पुरावासाहेब, पाठ वळली की नुसताच पुरावा.

माणूस वाईट नव्हता. कोणाच्या चहाचा मिंधा नव्हता, सरळ नाकासमोर चालणारा होता. फक्त गेलेल्या माणसाचं नाव कागदावर राहिलेलं त्याला बघवत नसे. एकदा एक म्हातारेबुवा आले. मीटर बायकोच्या नावावर आणि ती जाऊन अकरा वर्षं झालेली. पुराव्यानं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. अकरा वर्षं झोपा काढत होतात का, म्हणाला. म्हातारेबुवा शांतपणे म्हणाले, "बिल वाटणारा महिन्यातून एकदा दारात उभा राहून तिचं नाव पुकारतो. तेवढंच घरात ऐकू येतं हो." आणि कागद न देताच जिना उतरून गेले. पुरावा शेजारच्या खिडकीला म्हणाला, "लोकांना नियम म्हणून काही कळतच नाहीत." शेजारच्या खिडकीनंही मान हलवली.

मग त्याची स्वतःची लेक गेली. सव्वीस वर्षांची. नकाशे काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होती, हसरी होती, उशिरा उठायची. तापाचं निमित्त झालं आणि एकोणीस दिवसांत सगळं संपलं. बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि पुराव्यानं त्याला जे येत होतं ते केलं. एका महिन्यात लेकीचं बँकेतलं खातं बंद, वाचनालयाचं कार्ड बंद, मोबाइलचं सिम रीतसर अर्ज करून परत. प्रत्येक ठिकाणी दाखल्याची प्रत, प्रत्येक ठिकाणी पोच. एकच गोष्ट राहिली, कारण तिला अर्जाचा नमुनाच नव्हता. ती म्हणजे लेकीचे गेम.

या गेमांवरून बापलेकीत वर्षानुवर्षं जुंपायची. लेक नऊ वर्षांची असताना त्यानं तिला पहिला गेम आणून दिला तो खोक्यात. आत चकचकीत डिस्क, बारीक अक्षरांतलं पुस्तक. वर्षभरात डिस्कवर ओरखडे पडले आणि गेम मध्येच अडकायला लागला. लेकीनं रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा त्यानं कोणीतरी सांगितलं म्हणून डिस्कला टूथपेस्ट चोळली. डिस्क तर गेलीच, वर कॉम्प्युटरला आठवडाभर पुदिन्याचा वास येत होता.

कमवायला लागल्यावर लेकीनं डिस्कला रामराम ठोकला. आता गेम इंटरनेटवरच्या दुकानातून विकत घ्यायचा आणि तिथूनच उतरवून घ्यायचा. पहिला गेम उतरायला त्यांच्या घरच्या लाइनवर दोन दिवस लागले. लेकीनं बटणावर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नका, गेम उतरतोय.' वीज कार्यालयातला माणूस तो. खोलीत कोणी नसताना चालू असलेलं यंत्र त्याला बघवेना आणि चिठ्ठी वाचूनही त्यानं बटण बंद केलं. लेक तीन दिवस बोलली नाही.

"यात हातात काय आलं तुझ्या?" तो विचारायचा. "खोकं नाही, डिस्क नाही. मैत्रिणीला द्यायचा तर देता येत नाही, कंटाळा आला तर विकता येत नाही."

"ओरखडे पडत नाहीत बाबा. नाही आवडला तर दोन तासांच्या आत परत करता येतो. आणि उद्या माझा कॉम्प्युटर जळून खाक झाला तरी गेम मिळतो, जिथे सोडला होता तिथूनच. सगळं सर्व्हरवर ठेवलेलं असतं."

"सर्व्हर कोणाचा?"

"त्यांचा."

"मग गेम कोणाचा?"

"माझा. माझ्या नावावर आहे."

"नावावर असणं म्हणजे काय असतं, ते मला विचार," पुरावा म्हणाला. त्यात तथ्य होतं. तिचा एक आवडता गेम कंपनीनं पुढच्या वर्षी बंद करून टाकला. यादीत नाव तेवढं राहिलं, उघडलं की काळी चौकट. पण लेक हार मानणारी नव्हती. खातं उघडताना तिनं लांबलचक करार न वाचताच 'मान्य आहे' दाबलं होतं. ते कळल्यावर बापाचा तीळपापड झाला. "न वाचता सही?" त्यानं ऑफिसातून त्या कराराच्या बेचाळीस पानांची छापील प्रत काढून आणली आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसला. अकराव्या पानावर त्याला झोप लागली. ती प्रत नंतर टेबलाच्या खणात गेली ती गेलीच.

शेवटी लेकीनं बापाला फितवलंच. तिच्या दुकानात एक सोय होती. घरातल्या माणसाला आपली लायब्ररी, म्हणजे विकत घेतलेले सगळे गेम, वापरायला देता यायची. तिनं त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्याचं खातं उघडून दिलं आणि एक साधासा गेम घालून दिला. टेकडीवर घर, मागे जमीन, पेरायचं, पाणी घालायचं, पीक काढायचं. मारामारी नाही. "लायब्ररी माझी, लॅपटॉप तुझा. मी खेळत नसेन तेव्हा तू खेळायचं. मी आले की तू उठायचं."

"म्हणजे मी तुझा पोटभाडेकरू."

"हो. भाडं म्हणून चहा करायचा."

तिनं आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर काहीही सुरू केलं, की बाहेर बसलेल्या बापाच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाटी यायची. 'या लायब्ररीचे मालक आता खेळत आहेत. तुमच्याकडे पाच मिनिटे आहेत.' आणि लगेच आतून हाक यायची, "बाबा, ऊठ!" तो ओरडायचा, "थांब गं, कोबी काढतोय!" ती आतून मोठ्यानं आकडे मोजायला लागायची. रोज संध्याकाळी हा तमाशा. स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, दोन्ही कार्टी माझ्याच नशिबी.

लेक गेल्यावर त्यानं लॅपटॉप घरी उघडला नाही. बायकोनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मला त्या खोलीत न्यायचं नाही आणि त्यातलं काही माझ्यासमोर आणायचं नाही." खोलीचं दार लोटलेलं असायचं. त्यानं तिच्या मनाविरुद्ध काही केलं नाही. लॅपटॉप ऑफिसच्या पिशवीत टाकला आणि जेवणाच्या सुट्टीत, दीड वाजता, जुन्या फायलींच्या खोलीत बसून तो मोबाइलच्या नेटवर कोबी लावायला लागला. नियमाच्या बाहेरचं एवढं एकच काम त्यानं आयुष्यात केलं. त्याच्या खात्यात मित्रांच्या यादीत एकच नाव होतं, लेकीचं, राखाडी अक्षरांत. तो त्या नावाकडे बघत डबा खायचा.

सात महिने असे गेले. मग एका मंगळवारी, टळटळीत दुपारी, तो विहिरीतून पाणी काढत असताना कोपऱ्यात पाटी आली.

'या लायब्ररीचे मालक आता खेळत आहेत. तुमच्याकडे पाच मिनिटे आहेत.'

त्याचा घास तोंडातच राहिला. यादीतलं राखाडी नाव हिरवं झालं होतं. फायलींच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं, पंखा तेवढा कुरकुरत होता, आणि त्याला स्पष्ट वाटलं की आता हाक येणार. हाक आली नाही. पाच मिनिटांनी गेम आपोआप बंद झाला. त्यानं घरी फोन लावला.

"घरी कोण आहे?"

"मी आहे," बायको म्हणाली. "अजून कोण असणार?"

"काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय जरा."

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला पुन्हा पाटी. तिसऱ्या दिवशीही. शुक्रवारी त्यानं लेकीच्या नावावर क्लिक करून पाहिलं. एकूण खेळलेले तास एक हजार चारशे एकवीस. शेवटचं खेळणं, आज. सोमवारी तास एक हजार चारशे बावीस.

पुरावा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. दिवसभरात इतक्या मेलेल्या माणसांची नावं त्याच्या हाताखालून जायची, एकानंही कधी उलट तक्रार केली नव्हती. पण आता सव्वा वाजला की तो घड्याळाकडे बघत बसायचा. पाटी येईल म्हणून भीती वाटायची आणि आली नाही तर काय, याची जास्त भीती वाटायची. एका रविवारी बायको बाहेर गेलेली असताना त्यानं लेकीच्या खोलीचं दार ढकललं. सगळं जिथल्या तिथे होतं. टेबलावर मात्र धूळ नव्हती. आठ महिने बंद असलेल्या खोलीत धूळ नव्हती, आणि खुर्ची अशी तिरकी होती की कोणी आत्ताच उठून गेलंय. त्यानं दार लोटून घेतलं आणि बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायलं.

बायकोवर त्याला शंका आली नाही, हे ऐकून कोणीही कपाळाला हात लावेल. पण तिला मोबाइलवरचा फोटो मोठा करता येत नसे. दिवसभर शिवणयंत्रावर बसून लोकांचे पडदे शिवायचे, एवढंच तिचं जग आहे असं तो धरून चालला होता. एकवीस वर्षं कागद तपासणाऱ्या माणसाला घरातलं माणूस तपासावं असं वाटलं नव्हतं. मग उरलं काय? एक तर लेक, नाहीतर चोर. कोणीतरी परका माणूस पासवर्ड मिळवून रोज दुपारी आपल्या पोरीच्या घरात शिरतोय, तिच्या नावानं वावरतोय, या विचारानं त्याचं डोकं फिरलं. पासवर्ड बदलावा तर त्यासाठी लागणारा आकडा लेकीच्या मोबाइल नंबरवर जायचा, आणि तो नंबर त्यानंच रीतसर परत केलेला.

तेव्हा त्यानं तेच केलं जे तोच करू शकत होता. त्यानं त्या दुकानाला अर्ज लिहिला. विषय, खाते वारसाच्या नावे करण्याबाबत. सोबत मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, बायकोची संमती. ती सही त्यानं घरपट्टीच्या कागदांबरोबर न सांगता घेऊन टाकली. इतका चोख अर्ज त्याच्या खिडकीवर आजवर आला नव्हता. पाठवल्यावर त्याला कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

बाराव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खाते व्यक्तिगत असल्याने ते वारसाच्या नावे करता येत नाही. खातेदार हयात नसल्याचे आपण कळवल्यामुळे चौदा दिवसांनी हे खाते त्यातील सर्व गेमसह कायमचे बंद करण्यात येईल.

त्यानं ते तीनदा वाचलं. भाषा ओळखीची होती, त्याचीच होती. सुट्टी टाकून तो घरी गेला असता, पण आधी त्यानं खिडकीवर 'थोड्या वेळाने' अशी पाटी लावली आणि उत्तर लिहायला बसला. अर्ज मागे घेत आहे. उत्तर आलं, घेता येत नाही. मग त्याचा तोल गेला. त्यानं लिहिलं, 'माझी मुलगी खेळते आहे. कालही एक वाजून चाळीस मिनिटांनी खेळली. तुमच्याच नोंदीत बघा.' दहा मिनिटांत उत्तर आलं.

'कृपया खातेदाराच्या हयातीचा पुरावा जोडावा.'

पुरावा उठला. टोपी, डबा, पिशवी सगळं तिथेच टाकून जिना उतरला आणि रिक्षा करून घरी आला. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. कुलूप हळूच उघडलं तेव्हा शिवणयंत्र बंद होतं आणि आतल्या खोलीतून त्या गेमचं संगीत येत होतं, विहिरीवरचं, अगदी बारीक. त्याचे पाय पुढे पडत गेले. एवढं खरं सांगायला हवं, की त्या सात पावलांत त्याला चोर नको होता. दारातून त्याला खुर्चीची पाठ दिसली, लेकीचे हेडफोन दिसले, आणि हेडफोनच्या खाली पिकलेला अंबाडा.

"अगं," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. त्यानं खांद्याला हात लावला तशी ती किंचाळून उठली.

मग हेडफोन काढून तिनंच सांगितलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात लेकीनं तिला वहीच्या पानावर चित्रं काढून शिकवलं होतं, कुठलं बटण दाबायचं, पाणी कसं घालायचं. पासवर्ड त्याच पानावर. "म्हणाली, आई, मी येईपर्यंत माझी झाडं वाळू देऊ नकोस. बाबाला सांगू नकोस, हसेल. तुम्हाला म्हटलं त्या खोलीत नेऊ नका, कारण मला एकटीला जायचं होतं. मी दुसरं काही करत नाही हो. पाणी घालते आणि तिला पायरीवर बसवते." पडद्यावर टेकडीवरच्या घराच्या पायरीवर निळ्या रुमालाची एक बारकी मुलगी बसली होती.

"पण दीड वाजता का?"

"आधी अकराला बसायचे. एकदा उशीर झाला, तर कोपऱ्यात आलं, बाबा खेळत आहेत. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, तिकडे तुम्ही बसलाय, इकडे मी. मग रोज त्याच वेळी बसायला लागले. पण मी आले की तुमचं नाव जायचं. पाच मिनिटांत जायचं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय मी आहे ते, आणि तुम्हाला माझी सोबत नकोशी झालीय."

पुरावा पलंगाच्या कडेवर बसला. त्याला पाटीचं सांगायचं होतं, हाकलून देणाऱ्या त्या पाटीचं. पण त्याआधी दुसरंच सांगणं भाग होतं, आणि ते त्यानं सांगितलं, दाखल्यापासून चौदा दिवसांपर्यंत, एक शब्द न गाळता.

"माझी सही घेऊन?"

"हो."

"सगळं बंद करून झालं होतं तुमचं. एवढंच राहिलं होतं तिचं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मला विचारायचं तरी."

त्या संध्याकाळी त्यानं खणातली बेचाळीस पानं काढली. खातं वारसाला मिळत नसल्याचं कलम चौतिसाव्या पानावर होतं, साध्या सरळ भाषेत. त्याच्या पेन्सिलच्या खुणा अकराव्या पानावर संपल्या होत्या.

चार दिवस बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी ताट वाढता वाढता म्हणाली, "ती म्हणायची, नेट नसलं तरी हा गेम चालतो. उतरवलेला असला म्हणजे झालं." त्यानं चौकशी केली. ते खरं होतं. त्या कॉम्प्युटरनं पुन्हा कधीच दुकानाशी संपर्क केला नाही, तर त्यावर उतरवलेला गेम चालत राहील, जोवर ते यंत्र चालेल तोवर. सर्व्हरवर मात्र काही उरणार नाही. यंत्र जळलं की घरही गेलं, त्या जुन्या डिस्कसारखं. आणि वाटून घेतलेली लायब्ररी जाईल, म्हणजे त्याच्या लॅपटॉपवरचं सगळं जाईल. त्यानं त्याच दिवशी भिंतीतून नेटची वायर उपटली, नुसती काढली नाही तर कापली. मग लाइन बंद करायचा अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखाद्या अर्जाचा धीर वाटला.

मधल्या दिवसांत खिडकीवर एक बाई आली, नवऱ्याच्या नावाचं मीटर घेऊन. कागद पुरे होते. पुराव्यानं ते चाळले आणि विचारलं, "घाई आहे का?" बाईला प्रश्न समजला नाही. त्यालाही तो नीट विचारता आला नाही. त्यानं कागद घेतले.

पंधराव्या दिवशी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघण्याआधी फायलींच्या खोलीत लॅपटॉप उघडून बघितला. लायब्ररी रिकामी होती. त्याची कोबीची शेतं, विहीर, काहीच नाही. मित्रांच्या यादीत लेकीचं नाव राखाडीसुद्धा नव्हतं. ती जागाच नव्हती.

घरी बायको खोलीत त्याची वाट बघत होती. दीड वाजता तिनं बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि बराच वेळ काही झालं नाही. मग चौकट आली, संपर्क नाही, ऑफलाइन खेळायचं का? बायकोनं 'हो' दाबलं. टेकडी आली. घर आलं. पायरीवर निळ्या रुमालाची मुलगी होती तशी बसली होती. बायको डोळे पुसत म्हणाली, "आहे." तिनं सगळ्या वाफ्यांना पाणी घातलं, एकेक रोप, न चुकता. मग हेडफोन काढले आणि उठून उभी राहिली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "आता तुम्हाला कोणी उठवणार नाही."

तो बसला. खुर्ची त्याच्यासाठी जरा बुटकी होती. त्यानं माउसला हात लावला नाही, त्या मुलीकडेही बघितलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बायको दारात उभी होती आणि तो पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होता, जिथे पाटी यायची तिथे.